म्हाताऱ्या आई-बापाला छळणाऱ्याला वारसा मिळतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात दस्त लिहायच्या धंद्यात मला पंचवीस वर्षं होऊन गेली. लोक बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र लिहून घ्यायला येतात आणि दस्त बाजूला ठेवून घरातलं सांगत बसतात. अलीकडं फोनवरही तेच प्रश्न येतात. वीस जणांना वीसदा सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं. मी वकील नाही. कोर्टात जायची वेळ आली तर वकील गाठा.

१. आई-वडिलांना मारणाऱ्या, उपाशी ठेवणाऱ्या मुलाचा वारसा हक्क कायद्यानं आपोआप जातो का?

नाही. सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो आणि उत्तर ऐकून माणसं गप्प होतात.

हिंदू वारसा कायदा, १९५६ यात वागणुकीवरून वारसा जाण्याचं कलम एकच, ते म्हणजे कलम २५. ज्यानं खून केला किंवा खुनाला मदत केली, त्याला खून झालेल्या माणसाची मिळकत मिळत नाही. कलम २७ प्रमाणं तो मयताच्या आधीच वारला असं धरून वाटणी होते. कायद्यात हे लिहिलं जाण्याआधीही न्यायालयं हेच मानत. मुंबई इलाख्यातल्या एका खटल्यात १९२४ साली प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं अपील न्यायालय) खून करणाऱ्याला वारसा नाकारला होता.

पण मारहाण, शिवीगाळ, औषध न देणं, पेन्शनचं पासबुक काढून घेणं, म्हातारीला गोठ्याशेजारच्या खोलीत टाकणं, यांतलं काहीही कलम २५ मध्ये येत नाही. गुन्हा म्हणून शिक्षा होईल, पण सातबाऱ्यावरचं नाव राहील. जुन्या शास्त्रात आंधळा, बहिरा, महारोगी यांना वारसा नव्हता. कलम २८ नं शरीराच्या व्यंगावरून वारसा नाकारणं बंद केलं, ते बरंच झालं. वागण्याचा हिशेब मात्र खुनाशीच थांबला.

म्हणून त्याचं नाव कायदा काढत नाही, तुम्हाला काढावं लागतं, आणि तेही हयात असताना. कसं, ते प्रश्न ४ ते ८ मध्ये.

२. मग २००७ चा ज्येष्ठांचा कायदा कशासाठी आहे?

त्याचं पूर्ण नाव ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण कायदा, २००७’. तो वारसा ठरवत नाही. तो मुख्यतः दोन कामं करतो. पहिलं, मुलांकडून दरमहा पोटगी मिळवून देतो. तिची कमाल मर्यादा सध्या महिना १०,००० रुपये आहे. दुसरं, सांभाळायच्या अटीवर दिलेली मिळकत न सांभाळल्यास परत घेता येते. हे कलम २३, आणि आपल्या विषयाचा जीव तिथंच आहे (प्रश्न ७ आणि ८).

ज्येष्ठ म्हणजे साठ पूर्ण झालेला भारतीय नागरिक. आई-वडिलांना मात्र वयाची अट नाही. पंचावन्न वर्षांची आईसुद्धा पोटगी मागू शकते, सावत्र असली तरी.

म्हाताऱ्या माणसाला एसटी स्टँडवर नाहीतर देवळाच्या पायरीवर सोडून निघून जाणं हा याच कायद्यानं गुन्हा आहे: कलम २४, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलीस त्यात स्वतःहून गुन्हा नोंदवू शकतात.

३. परदेशात म्हणे छळ करणाऱ्याला वारसाच मिळत नाही. खरं का?

काही ठिकाणी खरं आहे. चीनच्या २०२१ पासून लागू झालेल्या नागरी संहितेत, मयताला टाकून देणाऱ्या किंवा त्याचा गंभीर छळ करणाऱ्या वारसाचा हक्क जातो. तो खरंच सुधारला आणि मयतानं त्याला माफ केलं, तर हक्क राहतो. अमेरिकेत हा राज्याराज्याचा विषय आहे. कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन या राज्यांत ज्येष्ठाचा छळ किंवा आर्थिक पिळवणूक सिद्ध झाली की वारशावर गदा येते. वॉशिंग्टननं तर खुन्याला वारसा नाकारणाऱ्या जुन्या कायद्यातच २००९ साली छळ करणाऱ्याला नेऊन बसवलं. जपानमध्ये छळ करणाऱ्या वारसाचं नाव वगळण्यासाठी मालक हयातीत कुटुंब न्यायालयाकडं जाऊ शकतो.

व्हॉट्सॲपवर फिरणारे ‘नवीन कायदा आला, आता मुलांना वारसा नाही’ असले निरोप बहुतेक या बातम्यांची भेसळ असतात. आपल्याकडं तसा कायदा झालेला नाही.

४. वडिलांनी ठरवलं तर ते मुलाला पूर्ण बेदखल करू शकतात का?

मिळकत कसली आहे यावर ते ठरतं.

स्वकष्टार्जित, म्हणजे स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घर, प्लॉट, जमीन असेल तर पूर्ण करू शकतात. हयातीत त्यावर मुलाचा काडीचाही हक्क नाही. ती मुलीला द्या, पुतण्याला द्या, नाहीतर तालमीला दान करा.

एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन असेल तर मुलाचा आणि मुलीचा हिस्सा जन्मापासूनचा. तो मुलगा कितीही वाईट वागला तरी त्याच्या हिश्शाला हात लागत नाही. वडील फक्त स्वतःच्या हिश्शाचं मृत्युपत्र करू शकतात (हिंदू वारसा कायदा, कलम ३०). समजा वडील, आई, एक मुलगा, एक मुलगी आहेत. आपल्याकडच्या रिवाजानं वाटणीत आईलाही हिस्सा मिळतो, म्हणजे प्रत्येकी चार आणे. वडिलांच्या हातात त्यांचे चार आणे. ते त्यांनी मुलीला दिले तर तिचे आठ आणे होतील, मुलाचे चार राहतीलच. वाटणी न करता एकत्रातल्या हिश्शाचं बक्षीसपत्र मात्र चालत नाही, मृत्युपत्र चालतं. या फरकावर माणसं नेहमी घसरतात.

गंमत अशी की ज्याला लोक ‘वडिलोपार्जित’ म्हणतात त्यातलं बरंच कायद्यानं तसं नसतं. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन १९५६ नंतर आजोबा मृत्युपत्राविना वारल्यावर वडिलांना मिळाली, तर तो वडिलांचा वैयक्तिक हिस्सा. सर्वोच्च न्यायालयानं १९८६ पासून हे अनेकदा सांगितलंय. म्हणून ‘जमीन आज्याची हाय, पोराचा हक्क हायच’ असं म्हणून हात टेकू नका. जुने फेरफार काढा, जमीन कुणाच्या नावावर कशी आली ते बघा, मग ठरवा.

५. पेपरात ‘मुलाशी आमचा संबंध नाही’ अशी जाहीर नोटीस दिली आहे. पुरेसं आहे का?

वारशासाठी तिचा उपयोग शून्य. मुलानं तुमच्या नावावर उसनवारी करू नये म्हणून लोकांना सावध करायला ठीक आहे. स्टॅम्पपेपरवर ‘तुझा-माझा संबंध संपला’ लिहून, नोटरी करून आणणारेही भेटतात. तो कागदही कपाटातच राहतो. तुम्ही मृत्युपत्र न करता गेलात तर नोटीस दिलेला मुलगा आणि तुमचं दुखणं-खुपणं काढलेली मुलगी सारख्याच वाट्याचे वारस होतात.

६. मृत्युपत्र कसं करायचं म्हणजे नंतर कोर्टात टिकेल?

साध्या कागदावर चालतं. मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, पण छळाचं प्रकरण असेल तर दुय्यम निबंधकाकडं नोंदवाच. तुमची सही किंवा अंगठा हवा आणि दोन साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना बघून स्वतः सह्या केलेल्या हव्यात. साक्षीदार तुमच्यापेक्षा लहान वयाचे घ्या. मृत्युपत्र सिद्ध करायला त्यांतला किमान एक तरी कोर्टात उभा राहावा लागतो. सत्तरीच्या वडिलांनी पंच्याहत्तरीचे दोन मित्र साक्षीला आणलेले मी परत पाठवलेत. मित्र रागावले, पण इलाज नव्हता.

ज्याला मिळकत मिळणार आहे त्याला त्या दिवशी घरी ठेवा. त्यानंच गाडी केली, त्यानंच दस्त लिहून घेतला, त्यानंच साक्षीदार आणले, ही कोर्टाच्या नजरेत संशयाची जागा असते. त्याच आठवड्यातला ‘मानसिक स्थिती ठीक’ असा डॉक्टरचा दाखला जोडून ठेवा.

आणि ज्याला वगळताय त्याचं नाव लिहून, का वगळताय ते एका-दोन वाक्यांत सांगा. ‘थोरला मुलगा मागील सहा वर्षे आमची विचारपूस करीत नाही, त्याने दोन वेळा मारहाण केली, त्याबाबत पोलीस ठाण्यास तक्रार दिली आहे, म्हणून त्यास या मिळकतीत काहीही देत नाही.’ एवढं बास. नुसतं गाळलं तर तो उद्या म्हणतो, ‘वडलांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, नायतर मला विसरले नसते.’

कोल्हापुरात मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे कोर्टाकडून ते खरं असल्याचा दाखला, सक्तीचं नाही.

७. मुलाच्या नावावर घर बक्षीसपत्रानं करून दिलं आणि आता तो बघत नाही. घर परत मिळतं का?

मिळतं, पण दस्तात काय लिहिलंय ते आधी वाचा.

२००७ च्या कायद्याचं कलम २३ म्हणतं: हा कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठानं बक्षीसपत्रानं किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गानं मिळकत दिली, देताना ‘माझ्या मूलभूत गरजा आणि शारीरिक देखभाल बघायची’ ही अट होती, आणि घेणाऱ्यानं ती पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीनं, जबरदस्तीनं किंवा गैरदबावानं झालं असं धरलं जातं आणि ज्येष्ठाच्या मर्जीनुसार न्यायाधिकरण (प्रश्न ९) ते रद्द ठरवतं. ‘दुसऱ्या मार्गानं’ यात हक्कसोडपत्रही येतं. मृत्युपत्र येत नाही, कारण ते मेल्यावर लागू होतं. ते नको असेल तर नवीन करायचं.

सगळी मदार त्या अटीवर आहे. मुलाला राहतं घर किंवा शेतजमीन बक्षीस द्यायला राज्यात मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे (स्थानिक अधिभार वेगळा). दस्त स्वस्त म्हणून घाईत होतात आणि अट राहते.

यातला एक दस्त माझ्या हातचा आहे. करवीर तालुक्यातले एक आबा २०१४ साली मुलाला घेऊन आले. ‘काय अट-बिट नको, पोरगंच हाय माझं,’ म्हणाले. मीही नमुन्यातला मजकूर उतरवला, ‘प्रेमापोटी व मायेपोटी’ लिहिलं आणि मोकळा झालो. पाच वर्षांनी आबा एकटेच आले. खताच्या पिशवीत तो दस्त चौघडी करून ठेवलेला, घडीवर शाई उडालेली. पान उलटून मला म्हणाले, ‘ह्यात कुठं लिवलंय का, मला जेवाय घालायचं म्हणून?’ नव्हतं. मी तीन पानं दोनदा वाचली.

तेव्हापासून अट लिहिल्याशिवाय ज्येष्ठाचं बक्षीसपत्र मी करत नाही. आमच्या भाषेत ती अशी असते: ‘लिहून देणार यांचे हयातीपर्यंत त्यांचे अन्न, वस्त्र, औषधपाणी, राहणेची सोय व देखभाल लिहून घेणार यांनी करणेची आहे. त्यात कसूर केलेस सदरचे बक्षीसपत्र रद्द करून घेणेचा हक्क लिहून देणार यांनी राखून ठेवला आहे.’ जोडीला ‘लिहून देणार व त्यांची पत्नी यांना सदर घरात तहहयात राहणेचा हक्क राहील’ हे दुसरं वाक्य. मुलाला हे वाचून राग आला तर दस्त करू नका. तेवढ्या रागावरून पुढचं कळतं.

८. अट लिहिलीच नसेल तर सगळं संपलं का?

संपलं नाही, पण अवघड झालं.

सर्वोच्च न्यायालयानं ६ डिसेंबर २०२२ ला सांगितलं की सांभाळायची अट होती हे दाखवल्याशिवाय कलम २३ लागत नाही. नुसतं ‘मी म्हातारा आहे, मुलगा बघत नाही’ एवढ्यावर दस्त रद्द होत नाही. पुढं २ जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयानं हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचा असं बजावलं. त्या प्रकरणात आईनं मुलाला बक्षीसपत्र दिलं होतं आणि मुलानं वेगळ्या कागदावर तिला सांभाळायचं लिहून दिलं होतं. तो कागद धरून बक्षीसपत्र रद्द झालं आणि ताबाही आईला द्यायला सांगितला.

म्हणून घरातले कागद शोधा. मुलानं वेगळ्या स्टॅम्पवर काही लिहून दिलंय का, गावच्या बैठकीत पंचांसमोर कबूल केलेलं टिपण आहे का, भावांच्या वाटणीपत्रात ‘आई-वडिलांना धाकट्यानं सांभाळायचं’ असं वाक्य आहे का, मोबाइलवर मेसेज आहेत का. धाकट्याला घर दिलं ते तो सांभाळणार म्हणूनच, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. कागदावर मात्र कुठंतरी उमटलेलं हवं.

काहीच नसेल तर दिवाणी कोर्टात फसवणूक किंवा गैरदबाव सिद्ध करण्याचा रस्ता उरतो. त्याची मुदत साधारणपणे खरी गोष्ट कळल्यापासून तीन वर्षं. आणि कलम २३ मध्ये घर परत मिळालं नाही तरी पोटगीचा हक्क राहतोच.

मुलानं घर तिसऱ्याला विकायला काढलं असेल तर आधी मनाई मागा, मग बाकीचं. खरेदीदार आला की गुंता दुप्पट होतो.

९. अर्ज कुठं करायचा, किती दिवस लागतात, वकील लागतो का?

प्रांत कार्यालयात. चरितार्थ न्यायाधिकरणाचा प्रमुख उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपला प्रांत. करवीर, इचलकरंजी, गडहिंग्लज अशी जी तुमच्या तालुक्याला लागू असेल ती कचेरी. अर्ज तुम्ही राहता तिथं करता येतो, नाहीतर मुलगा राहतो तिथं. मुलगा पुण्यात असला तरी तुम्ही इथंच करा. हिंडण्याची ताकद नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देऊन अर्ज करता येतो.

पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाली काढायचा, अपवादात्मक कारण असेल तर आणखी ३० दिवस, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात. हेलपाटे होतील असं धरूनच चाला आणि प्रत्येक तारखेला सोबत कुणीतरी घ्या.

२००७ च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणं वकील उभा करता येत नाही, पण यावर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वेगळं मत दिलंय. त्यामुळं समोरून काळा कोट आला तर दचकू नका. स्त्रियांना, आणि उत्पन्न मर्यादेत असलेल्यांना, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. कुठून सुरुवात करायची तेच कळत नसेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे.

निकाल पटला नाही तर ज्येष्ठाला ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील आहे. कलमात अपिलाचा हक्क ज्येष्ठाला लिहिलाय. हरलेला मुलगा बहुधा रिट घेऊन उच्च न्यायालयात जातो. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथंच, कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर बसतं. म्हाताऱ्या माणसाला याचा फायदा किती ते रात्रीच्या गाडीनं मुंबईला गेलेल्यालाच कळेल.

१०. घर अजून माझ्याच नावावर आहे. मुलाला आणि सुनेला बाहेर काढता येईल का?

मुलाला काढता येतं, पण दर वेळी हमखास नाही. ज्येष्ठाच्या संरक्षणासाठी गरज असेल तर न्यायाधिकरण घर रिकामं करायचा आदेश देऊ शकतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या ऐंशी वर्षांच्या वडिलांच्या बाजूनं असा आदेश कायम केला. मुलगा चांगला कमावता होता, वडिलांच्या खोल्या बळकावून बसला होता. पण मार्च २०२५ मध्ये दुसऱ्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक अर्जात बाहेर काढलंच पाहिजे असं नाही. छळ किती, गरज किती, हे बघितलं जातं. म्हणून पोलीस तक्रारीच्या प्रती, दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

सुनेचं वेगळं. घरगुती हिंसाचार कायद्यानं तिला सामायिक घरात राहायचा हक्क असतो आणि ज्येष्ठांचा कायदा पुढं करून तो सरसकट उडवता येत नाही, असा डिसेंबर २०२० चा निकाल आहे. नवरा-बायकोच्या भांडणात सुनेला काढण्यासाठी सासऱ्याच्या नावानं अर्ज टाकायला सांगणारे मुलगे माझ्याकडंही आलेत. असला अर्ज मी लिहून देत नाही.

उलट बाजूनं, छळ होणारी आई स्वतः घरगुती हिंसाचार कायद्याखाली मुलाविरुद्ध दाद मागू शकते. ती स्त्री आहे हे लोक विसरतात.

११. पोटगीची जबाबदारी कुणाकुणावर? मुलगी, नातू, सून, जावई?

मुलगा, मुलगी, नातू, नात, सगळे सज्ञान. लग्न झालेली मुलगीही आली. सून आणि जावई नाहीत. त्यांना आणण्याचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, कायदा झाला नाही. चार मुलांपैकी एकावरच अर्ज केला तर तो बाकीच्यांना त्यात ओढू शकतो.

१२. मला मूलबाळ नाही. पुतण्या जमीन कसतो, पण भाकरी देत नाही.

निपुत्रिक ज्येष्ठाचा जो सज्ञान वारस त्याची मिळकत वापरतोय किंवा त्याच्या पश्चात जो ती घेणार आहे, त्याच्यावर पोटगीची जबाबदारी येते. असे दोन-चार पुतणे असतील तर ज्याच्या वाट्याला जेवढी मिळकत येणार, त्या प्रमाणात. माझ्या मते कायद्यातलं हे सगळ्यात रास्त कलम आहे.

विधवा, निपुत्रिक मावशी-आत्यांसाठी एक इशारा. मृत्युपत्र नसेल तर नवऱ्याकडून आलेली मिळकत नवऱ्याच्या वारसांकडं जाते आणि माहेरची वडिलांच्या वारसांकडं. तुमचं दुखणं भाचीनं काढलं तरी सासरची जमीन दिराच्या पोरांना जाईल. भाचीला द्यायची असेल तर लिहून ठेवा (प्रश्न ६).

१३. बँकेत, कारखान्याच्या शेअरला, विम्याला त्याच मुलाचं नॉमिनी लावलंय. काय करू?

आजच बदला. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेणारा, तो मालक होतोच असं नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. पण एकदा पैसे त्याच्या हातात गेले की बहिणीला भांडून काढावे लागतात. विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर मुलगा-मुलगी, नवरा-बायको असा जवळचा नॉमिनी खरा लाभार्थी ठरू शकतो, म्हणून तिथं आधी बदला. मुलाला वटमुखत्यारपत्र दिलं असेल तर तेही रद्द करा आणि बँकेला लेखी कळवा.

१४. भावावर वडिलांच्या खुनाची केस चालू आहे. तरी वारस नोंदीत त्याचं नाव येईल का?

तुम्ही गप्प राहिलात तर येईल. नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत द्या. नोंद विवादग्रस्त होऊन मंडल अधिकाऱ्यांपुढं चौकशी लागते. आणि लक्षात ठेवा, फेरफार म्हणजे मालकी नव्हे. नाव लागलं म्हणून हक्क सिद्ध होत नाही, आणि नाव उडालं म्हणून हक्क जातही नाही. खरा निकाल दिवाणी कोर्टाचा.

खुन्याची बायको त्याच्यामार्फत हक्क सांगू लागली तर? २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा बायकोला नाही म्हटलं.

हिंदू वारसा कायद्याच्या कलम २५ मधला शब्द ‘खून’ आहे. छळाला कंटाळून वडिलांनी औषध घेतलं, मुलावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा नोंदला, तरी ते कलम २५ मध्ये बसत नाही. हे सांगताना माझीही जीभ अडखळते.

१५. आई मृत्युपत्र न करता गेली. थोरल्यानं तिला शेवटची चार वर्षं हाल हाल केले. आता त्याचा हिस्सा रोखता येईल का?

छळाच्या कारणावरून नाही. कॅलिफोर्नियात असता तर दावा तरी टाकता आला असता. इथं प्रश्न १ चं उत्तर लागू.

पण तपासण्यासारखं बरंच असतं. शेवटच्या वर्षांत आईचा अंगठा कुठल्या दस्तावर घेतला का? दुय्यम निबंधकाकडं शोध घ्या. आजारपणात, औषधाच्या गुंगीत झालेला दस्त गैरदबावाच्या कारणावरून आव्हान देता येतो. बँक खात्यातून ती अंथरुणाला खिळलेली असताना रकमा निघाल्या का? त्याचा हिशेब मागता येतो. थोरल्यानं अचानक मृत्युपत्र काढून दाखवलं तर ते सिद्ध करायचा भार त्याच्यावर. हे सगळं करूनही कायद्यानं येणारा त्याचा वाटा राहील, हे मनाशी धरूनच खर्चात पडा.

१६. आमच्या गावात ग्रामसभा ठराव करणार आहे: आई-बापाला न सांभाळणाऱ्याची वारस नोंद करायची नाही. चालेल का?

ठराव करा, गावाचं वजन मोठं असतं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि राज्य सरकारला तो उचलून धरावा लागला. पण वारसा हा संसद-विधिमंडळाच्या कायद्याचा विषय आहे. ग्रामसभेच्या ठरावानं जमिनीचा हक्क जात नाही, आणि ठरावाच्या जोरावर नोंद अडवली तर ती अपिलात टिकणार नाही. त्याऐवजी ठरावात असं लिहा: गावातल्या ज्येष्ठाला प्रांताकडं अर्ज करायला पंचायत मदत करील, आणि सांभाळण्याच्या बैठकीत जे कबूल होईल ते लेखी घेऊन दप्तरात ठेवील. प्रश्न ८ वाचलात तर तो कागद किती कामाचा ते कळेल.

१७. हे सगळं हिंदूंपुरतंच का?

२००७ चा कायदा सगळ्यांना लागू आहे, धर्म कुठलाही असो. हिंदू वारसा कायद्यात जैन, बौद्ध, शीखही येतात, लिंगायतही. मुस्लिम कायद्यात खून करणाऱ्याला वारसा नाहीच, पण मृत्युपत्रानं एक तृतीयांशापेक्षा जास्त देता येत नाही, जास्त द्यायचं तर वारसांची संमती लागते. म्हणून एखाद्या मुलाला पूर्ण वगळायला मृत्युपत्र पुरत नाही. हयातीत हिबा (बक्षीस) करून ताबा द्यावा लागतो, आणि तो करताना प्रश्न ७ मधली अट तिथंही लिहा.

१८. मुलाला वगळून मृत्युपत्र नोंदवलं. आता तो सुधारलाय. बदलता येईल का?

कितीदाही. शेवटचं खरं. नवीन मृत्युपत्रात ‘यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे वाक्य हवं, आणि आधीचं नोंदवलेलं असेल तर नवीनही नोंदवा. वर सांगितलेले आबा राहतं घर मुलाला देऊन बसले होते, पण स्वतः घेतलेला एक प्लॉट नावावर होता. त्याचं मृत्युपत्र त्यांनी माझ्याकडं तीनदा केलं. एकदा मुलीच्या नावावर, मग निम्मं मुलाला, मग परत सगळं मुलीला. तिसऱ्या वेळी मी विचारलं, ‘आबा, आता काय झालं?’ तर म्हणाले, ‘काय नाय, ह्या खेपंला लेकीनं चष्मा बदलून आणला.’ आधार कार्ड, दोन तरणे साक्षीदार आणि डॉक्टरचा ताजा दाखला, एवढं दर वेळी सोबत आणायचं.